खोडावरच्या छत्र्या

आषाढाच्या सरी आठ-पंधरा दिवस कोसळल्या, की सह्याद्रीच्या रानात झाडांच्या खोडांना जणू कान उगवतात. मरू घातलेल्या आंब्याच्या बुंध्यावर, तोडून टाकलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर, फणसाच्या जुनाट खोडावर अर्धवर्तुळाकार फळ्या एकीखाली एक मांडल्यासारख्या दिसतात. त्यांना पान नसते, फूल नसते, बहुधा देठही नसतो.

ही बुरशीची फळे होत. तिचा खरा देह लाकडाच्या आत पसरलेला असतो. केसाहूनही बारीक असे तिचे तंतू महिनोन्‌महिने लाकूड पोखरीत राहतात. लाकडास कणखरपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य पचविण्याची शक्ती फार थोड्या सजीवांस लाभली आहे. यांतील पुष्कळ जातींस ती लाभलेली आहे. त्यांनी खाल्लेले लाकूड फिके व तंतुमय होते. काही जाती मात्र लिग्निन तसेच सोडून देतात. मग लाकडास आडव्या-उभ्या चिरा पडून त्याचे तपकिरी, विटांसारखे तुकडे होतात. ओंडका पाहूनच आतला पाहुणा कोणत्या जातकुळीचा, हे पुष्कळदा कळते.

खोडावरची छत्री ओळखावयाची, तर तिची पाठ पाहून भागत नाही. पोट पाहावे लागते. तेथे सुईने टोचल्याप्रमाणे सूक्ष्म छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र हे एका नळीचे तोंड असून नळीच्या आतल्या बाजूस बीजाणू तयार होतात. ते सरळ खाली पडावयाचे, म्हणून नळी गवंड्याच्या ओळंब्याप्रमाणे उभी हवी. वादळात झाड आडवे झाले, की जुन्या नळ्याही आडव्या होतात. अशा वेळी बुरशी जिवंत असेल, तर तिची नवी वाढ जुनीशी काटकोन करून होते व छिद्रे पुन्हा जमिनीकडे वळतात. त्यामुळे छत्री झाड पडण्यापूर्वीची की नंतरची, हे जाणत्यास तिथल्या तिथे सांगता येते.

एका जातीची पाठ लाख चढविलेल्या पोळपाटासारखी तांबूस व चकचकीत असते. दुसऱ्या एका मोठ्या जातीचे पोट पांढरे असून त्यावर नखाने ओढलेली रेघ लगेच तपकिरी होते. तिच्यावर चित्रेही काढतात. पंख्यासारखी, केसाळ, पांढुरकी अशी एक जात बोटाच्या दोन पेरांएवढीच असते. तिच्या पोटावरील पडद्यांच्या कडा उभ्या चिरलेल्या असतात. उन्हात त्या मिटतात, पाऊस लागताच पुन्हा उघडतात. फणसावर वाढणारा कठीण फणसोंबा तर जुन्या वैद्यांच्या संग्रही असे, आणि तो उगाळून तोंडाच्या विकारांवर लावीत.

जमिनीवरील भूछत्रांची गोष्ट निराळी, कारण तेथे जिभेचा मोह आड येतो. कोकणात व गोव्यात वारुळावर उगवणारी अळंबी आवडीने खातात. वाळवी पाल्याचा व लाकडाचा चोथा करून वारुळात बुरशीची बाग लावते. त्या बागेतूनच ही अळंबी वर येते. तिचा देठ मुळासारखा लांबत थेट वारुळाच्या पोटापर्यंत गेलेला असतो. गोव्याचे शास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

विषारी भूछत्रासोबत चांदीचे नाणे शिजविल्यास ते काळे पडते, किडीने खाल्लेले भूछत्र निर्धोक असते, असे समज पुष्कळ ठिकाणी आहेत. ते सर्वस्वी खोटे आहेत. जे भूछत्र गोगलगाय सुखाने खाते, ते माणसाचे यकृत निकामी करू शकते. सर्वांत घातक भूछत्रांचे विष शिजवूनही जात नाही. शिवाय ते लबाड आहे: खाल्ल्यानंतर सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे बरे वाटल्याचा भास होतो, आणि त्याच सुमारास यकृत नासू लागलेले असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाल्ल्याने काही दिवसांतच १३ माणसे दगावली. त्यांत चहाच्या मळ्यांतील लोक पुष्कळ होते.

या घातकी कुळाची खूण म्हणजे पांढरे पडदे, बहुधा देठावर एक कडे, आणि बुडाशी वाटीसारखा कोष. हा कोष मातीत दडलेला असतो. वरून खुडून घेणाऱ्याच्या हाती टोपी येते, खूण मातीतच राहते. म्हणून ओळख पटवावयाची असेल, तर भूछत्र बुडापासून उकरून काढावे लागते.

आणखी एक खूण रात्रभरात मिळते. अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घेऊन त्यावर टोपी, पडदे खाली करून, ठेवतात व वर पेला झाकतात. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा कागदावर उमटतो. काळ्या भागामुळे पांढरा ठसाही नजरेतून सुटत नाही. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी छटेचा असतो. मात्र तेवढ्यावरून कोणतीही छत्री खाण्याजोगी ठरत नाही. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी एक मोठी, गोरीपान छत्री दिसावयास अगदी साळसूद असते. खाल्ल्यास दोन-तीन तासांतच ती जबर उलट्या करविते. सकाळी पेला उचलला, की तिच्याखालचा ठसा हिरवट दिसतो.