अखेरची फुले

आश्विन महिना सरत आला की पावसाळी बागेचे वैभव ओसरू लागते. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडलगत मलकापूर आहे. तेथे या दिवसांत आगाशिवाच्या डोंगरावरील हिरवे गवत पिवळे पडते, पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि परसातील तेरड्यावर मोजकीच फुले उरतात. गुलबक्षी अजून सायंकाळी उमलते. कुंपणावरील गोकर्णीच्या वेलीत एखादे निळे फूल लपलेले असते. सोनटक्क्याचा सुगंधही अधूनमधून दरवळतो. श्रावणात ओंजळी भरभरून फुले मिळत, तेव्हा एकेका फुलाकडे पाहण्यास कोणास सवड होती? आता थोडीच उरली, म्हणून प्रत्येक फूल डोळे भरून पाहिले जाते.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण आहे. क्षणभंगुर वैभवाविषयी ती वापरतात. परंतु या म्हणीत तेरड्याची अर्धीच हकीकत आली आहे. रंग जातो हे खरे. पण रंग गेल्यावर मागे काय उरते?

इंग्लंडसारख्या थंड देशात बागेचा शेवट कडाक्याची थंडी करते. रात्री रोपांतील पाणी गोठते आणि सकाळी कोवळी झाडे काळवंडलेली दिसतात. मलकापुरास अशी थंडी पडत नाही. येथे पावसाळी फुलांचा हंगाम संपतो तो मुख्यतः पाऊस थांबल्यामुळे. ऑक्टोबरच्या सुमारास मोसमी वारे परततात आणि जमिनीतील ओल आटू लागते. तेरड्याचे आयुष्य एकाच हंगामाचे असते. ओल सरण्यापूर्वी त्यास आपले बी तयार करावयाचे असते.

पुढील वर्षाची तरतूद प्रत्येक झाड आपापल्या परीने करते. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडास बोट लागताच ते तटकन फुटते, त्याची साल आत वळते आणि बिया दूर उडतात. गोकर्णीच्या चपट्या शेंगांत बी वाळते. गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे काळे असते. शिवाय तिचे जाड मूळ जमिनीत जिवंत राहते. सोनटक्का आल्यासारख्या कंदातून पुन्हा फुटतो.

म्हणूनच अखेरची फुले तोडताना विचार केला पाहिजे. तोडलेले फूल एक दिवस देव्हारा शोभवते. झाडावर राहिलेले फूल पुढल्या पावसाळ्यातील बाग देते. देवपूजेसाठी फूल घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. दोन फुले घ्यावी, चार राखावी. जाणती माणसे टपोऱ्या फुलास हात लावीत नाहीत. त्याचे बी सावलीत वाळवून, राखेत मिसळून, मृगाच्या पावसापर्यंत जपून ठेवतात.

ज्या बागेस माळी नाही, तेथेही हाच नियम चालतो. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात तेथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवे अशी असंख्य फुले पावसाळ्यात उमलतात. पाऊस ओसरल्यावर माती सुकते आणि फुलांचे गालिचे विरून जातात. पण बिया आणि कंद मातीत वाट पाहत असतात. मात्र पाहणारा पायवाट सोडून फुलांत शिरला, तर एका पावलाखाली अनेक रोपे बी धरण्यापूर्वीच चिरडली जातात. त्यांची जागा पुढे कोणी भरावी?

इकडे मलकापूरच्या परसात तेरडा वाळत असतो, तोच शेवंतीस कळ्या धरू लागतात. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या, की तिला फुलण्याची वेळ कळते. थंडी तिचा बहर घेऊन येते. अखेरच्या फुलांचा आनंद अवश्य घ्यावा; मात्र त्यांतील काही झाडावरच पिकू द्यावी, म्हणजे पुढील श्रावणात पुन्हा ओंजळी भरतील.

स्वाध्याय

१. मलकापूर येथील पावसाळी फुलांचा हंगाम कशामुळे संपतो?
२. तेरडा, गुलबक्षी व सोनटक्का पुढील वर्षाची तरतूद कशी करतात?
३. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीत अर्धीच हकीकत आली आहे, असे लेखक का म्हणतात?
४. आपल्या परिसरातील एका फुलझाडाचे बी गोळा करा व ते मृगापर्यंत जपून ठेवा.