घटक ६ : प्रवासवर्णनातील स्थळवाचन – टायबरच्या खोऱ्यातील सहकुटुंब मुक्काम

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची घडण पाहिली. प्रवासी, प्रवास आणि स्थळ ही या प्रकाराची तीन अंगे आहेत. त्यांपैकी तिसऱ्या अंगाचा, म्हणजे स्थळाचा, विचार येथे करावयाचा आहे. हा घटक अभ्यासल्यानंतर वर्णिलेल्या स्थळामागील श्रम, मालकी आणि इतिहास यांचे थर आपल्याला ओळखता यावेत, तसेच ‘आम्ही’ असे म्हणणाऱ्या निवेदकाच्या मर्यादा सांगता याव्यात, अशी अपेक्षा आहे.

उदाहरणासाठी रोम, फ्लॉरेन्स किंवा व्हेनिस घेतलेले नाही. या शहरांवर इतके लिहिले गेले आहे की नवा लेखक पाहण्याआधीच वाचलेले आठवू लागतो. मराठीतही मीना प्रभु यांचे ‘रोमराज्य’ वाचकांच्या परिचयाचे आहे. आपण जाणार आहोत ते मध्य इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. उंब्रिया आणि टस्कनी या दोन प्रांतांची सीमा येथे आहे. चित्ता दी कास्तेल्लो आणि सानसेपोल्क्रो ही खोऱ्यातील दोन मुख्य गावे. भोवती डोंगर, खाली सपाट शेती आणि उतारांवर सुटी सुटी दगडी घरे. यांपैकीच एखादे घर आठवडाभरासाठी घेऊन आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब राहावयास येते. अशा मुक्कामाचे वर्णन बहुधा सूर्यास्त, द्राक्षमळे आणि जेवणाची लांब मेजे यांपाशी थांबते. ते तेथे का थांबते, हा आपला प्रश्न आहे.

६.२ मुक्कामाचे स्वरूप

शेतावरील अशा मुक्कामाला इटलीत ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणतात. ५ डिसेंबर १९८५ च्या कायद्याने त्याला देशभरासाठी चौकट मिळाली आणि २००६ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. दोन्ही कायद्यांचे मूळ तत्त्व एकच आहे : पाहुणे ठेवण्याचा अधिकार शेतकऱ्याला शेतकरी म्हणून मिळतो; शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला पूरक असला पाहिजे. खोऱ्यात भाड्याने मिळणारे प्रत्येक घर मात्र या व्याख्येत बसत नाही. पुष्कळ घरे केवळ सुट्टीसाठी दुरुस्त केलेली असतात आणि त्यांच्या भोवतालची जमीन दुसराच कोणी कसतो. माहितीपत्रकातील छायाचित्रावरून हा भेद कळत नाही. लेखकाने तो विचारून घ्यावा लागतो.

व्यवहार साधा असतो. उन्हाळ्यात घर शनिवार ते शनिवार या हिशेबाने मिळते. पाहुण्यांची नावे पोलिसांना कळवण्याचे बंधन मालकावर असल्याने येताच सर्वांची पारपत्रे मागितली जातात. खेड्यातील दुकाने दुपारी बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या सणाला तर सारा देशच सुट्टीवर असतो. मोटारीवाचून गावापर्यंत पोहोचणे कठीण. म्हणून बाराजणांच्या कुटुंबात गाडी कोणाला चालवता येते, या एका प्रश्नावर आठवड्याचा सारा कार्यक्रम अवलंबून असतो.

६.३ घराचे वाचन

आता घराकडे पाहू. सुट्टीत ज्याला आपण बैठकीची खोली म्हणतो ती तळमजल्यावर असते. तिच्या छताला कमानी असतात आणि खिडक्या लहान असतात. ही खोली मुळात बैलांचा गोठा होती. माणसे वरच्या मजल्यावर राहत आणि तेथे जाणारा दगडी जिना पुष्कळदा बाहेरच्या अंगाला असे. वरच्या मजल्याचा मध्य म्हणजे मोठी चूल असलेले स्वयंपाकघर. घरासमोर आज जेथे खुर्च्या आणि छत्र्या मांडलेल्या दिसतात, ती फरसबंद मोकळी जागा म्हणजे खळे, इटालियनमध्ये ‘आइया’. येथे मळणी होत असे. बाजूला पावाची भट्टी. छपरावर लहानसा मनोरा असेल तर तो कबुतरांसाठी बांधलेला.

या घरात राहणारे कुटुंब घराचे मालक नव्हते. मध्य इटलीत मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकापर्यंत ‘मेझाद्रिया’ नावाची पद्धत चालत आली. या शब्दातच ‘अर्धा’ हा अर्थ आहे, आणि आपल्याकडील ‘अर्धेली’ हा त्याला जवळजवळ नेमका प्रतिशब्द ठरतो. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, उत्पन्न निम्मे-निम्मे. मात्र साम्य येथेच थांबते. मेझाद्रियाचा करार एका शेतकऱ्याशी नसून सबंध कुटुंबाशी होत असे. कुटुंबप्रमुखाला ‘कापोच्चा’ म्हणत. आपण ‘कारभारी’ म्हणू. घरातील बायकांची कामे, कोंबड्या आणि स्वयंपाक यांवर ‘मास्साइया’ची, म्हणजे कारभारणीची, सत्ता असे. जमिनीच्या मानाने घरात हात किती आणि तोंडे किती, याचा हिशेब मालक ठेवी. मुलाचे लग्न करावयाचे तर मालकाची संमती घेण्याची चाल होती, कारण येणारी सून ही कामाची भर आणि खाण्याचीही भर. माणसे कमी झाली किंवा मालकाचे मन फिरले तर शेत सोडण्याची नोटीस येई आणि कुटुंबाला दुसऱ्या घरी जावे लागे. सणावाराला मालकाकडे कोंबड्या आणि अंडी पोहोचवावी लागत ती वेगळीच.

प्रवासवर्णन वाचताना ही माहिती कशासाठी हवी, असे कोणी विचारील. आज या घराची जाहिरात ‘मोठ्या कुटुंबासाठी योग्य’ अशी होते. घर मोठे आहे कारण जमिनीला मोठे कुटुंब लागत होते. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले एका छपराखाली आठवडाभर राहतात, तेव्हा नकळत ती जुनीच रचना पुन्हा भरते. फरक असा, की त्या माणसांना शनिवारी निघून जाण्याची मोकळीक नव्हती. हा फरक ज्याच्या लिखाणात कोठेतरी जाणवतो, त्याचे वर्णन सूर्यास्ताच्या पुढे गेले असे म्हणता येईल.

या पद्धतीचा शेवटही ध्यानात घ्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी मोठा वाटा मागितला. १९६४ च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली आणि चालू करारांत कुळाचा वाटा ५८ टक्क्यांपर्यंत वाढवला. १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे रूपांतर साध्या खंडात करण्याची वाट मोकळी केली. परंतु तोवर तरुण माणसे शहरांत आणि कारखान्यांत निघून गेली होती. घरे ओस पडली, छपरे कोसळली. आणि अशाच घरांना पुढे सुट्टीची घरे म्हणून दुसरा जन्म मिळाला. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्यानंतर १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणाऱ्याला मालकी देण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे एकीकडे कूळ मालक होऊ पाहत होते, तर दुसरीकडे कूळ घर सोडून जात होते. ही तुलना करताना दोन्ही ठिकाणचे सर्व चांगले किंवा सर्व वाईट, असा सोपा निष्कर्ष काढू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या परिसरातील एखादा वाडा, गोठा किंवा खळे यांचा उपयोग बदलला असल्यास तो बदल पाच वाक्यांत लिहा. ‘पूर्वीचे दिवस गेले’ अशा स्वरूपाचे वाक्य त्यात नसावे.

६.४ प्लिनीची सुट्टी

या खोऱ्यात सुट्टीसाठी येण्याची प्रथा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममधील वकील आणि अधिकारी असलेला धाकटा प्लिनी येथील आपल्या प्रासादात उन्हाळा घालवीत असे. सान जुस्तिनो गावाजवळ त्या प्रासादाचे अवशेष सापडले असून तेथील कौलांवर त्याच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली आहेत. एका दीर्घ पत्रात तो या जागेचे वर्णन करतो : डोंगरांनी वेढलेले, प्रेक्षागारासारखे खोरे, उन्हाळ्यातही वाहणारा वारा, हिवाळा आणि वसंतात धान्य रोमला नेणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी, आणि दीर्घायुषी माणसे. सुट्टीच्या घराचे प्रशस्तिपत्र म्हणून हे पत्र आजही खपेल.

परंतु याच प्लिनीची इतर पत्रे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एका पत्रात तो कुरकुरतो, की मनासारखे वागता यावे म्हणून येथे पळून आलो, तर येथेही शेतकऱ्यांचे तक्रारअर्ज पाठ सोडत नाहीत. दुसऱ्यात तो आपली दिनचर्या सांगतो : पहाटे खिडक्या बंद ठेवून चिंतन, मग लेखन, फेरफटका, जेवताना वाचन, थोडा वेळ कुळांसाठी, जो त्यांच्या मते अपुरा असतो. तिसऱ्या एका पत्रात कुळांची थकबाकी वाढत चालल्याने रोख खंडाऐवजी पिकाचा वाटा घेण्याचा उपाय तो सुचवतो. म्हणजे वाट्याच्या शेतीचा विचारही येथे सुट्टी उपभोगणाऱ्याच्याच लेखणीतून उतरला आहे. प्लिनी कुळांना आपल्या चित्राबाहेर ठेवू पाहतो, पण ती दारात उभीच राहतात. त्याच्या पत्रांचे वाङ्मयीन मोल या प्रामाणिक त्रासिकपणातही आहे. नुसते सौंदर्य वर्णिणारे पहिले पत्र मला त्या मानाने फिके वाटते.

६.५ जुलै १९४४

मराठी प्रवाशाला या खोऱ्यात आणखी एक थर दिसावयास हवा. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या आणि दोस्तांच्या फौजा टायबरच्या काठाने वर सरकत होत्या. त्यांत भारतीय तुकड्या होत्या, आणि त्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते. १० जुलै १९४४ रोजी या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या पथकावर जवळून मशीनगनचा मारा झाला. पथकातील सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे उरले. त्यांनी त्या ठाण्यावर धाव घेतली, हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळीने टिपले आणि बंदुकीतील गोळ्या संपताच दस्त्याने उरलेल्या दोघांचा सामना केला. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची कबर नाही. नाव कासिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि या खोऱ्यातील मोन्तोने गावी २०२३ मध्ये सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.

जाड भिंतींची शेतघरे त्या युद्धात मोर्चे म्हणून वापरली गेली. आज ज्या घरात नातवंडे धावतात त्याच घरात काय घडले, हे प्रत्येक वेळी कळणार नाही आणि कल्पनेने रचूही नये. परंतु माणगावहून मुंबईला गेलेल्या एखाद्या कुटुंबाने मोन्तोनेपासून काही मैलांवर आठवडा काढावा आणि तेथवर जाऊ नये, याचे कारण बहुधा अनास्था नसते. कोणी सांगितलेलेच नसते. प्रवासवर्णन हे सांगण्याचे काम करू शकते. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघालेले गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत सापडले, म्हणून ‘माझा प्रवास’ला आजचे मोल आले. सुट्टीवरील प्रवाशापुढे इतिहास असा आडवा येत नाही. त्याला शोधावा लागतो.

६.६ ‘आम्ही’ या निवेदकाचा प्रश्न

सहकुटुंब प्रवासाच्या वर्णनात ‘आम्ही उठलो, आम्ही पाहिले, आम्हांला आवडले’ अशी वाक्ये वारंवार येतात. बाराजणांना एकच गोष्ट एकाच वेळी आवडली, हे कोणत्याही कुटुंबाबाबत संभवत नाही. एकाला सानसेपोल्क्रोमधील पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे पुनरुत्थानाचे भित्तिचित्र पाहावयाचे असते. मुलांना पोहण्याच्या तलावातून निघावयाचे नसते. आजींना पाय दुखत असल्याने घरीच थांबावयाचे असते. आणि बाराजणांचा स्वयंपाक कोणी करावा, यावर कोणी बोलत नाही, कारण त्याचे उत्तर घरून निघतानाच ठरलेले असते. सुट्टी कोणाची आणि काम कोणाचे, हा प्लिनीच्या प्रासादातील प्रश्न येथे स्वयंपाकघरात पुन्हा उभा राहतो. ‘आम्ही’ या शब्दाने तो झाकला जातो. सर्वनाम बदलले की दृश्य बदलते.

याचे एक चांगले साधन म्हणजे एकाच वस्तूकडे दोघांच्या नजरेने पाहणे. उंब्रियात ‘तोर्ता अल तेस्तो’ नावाची चपटी भाकर तापलेल्या तव्यासारख्या जाड चकतीवर भाजतात आणि मध्ये चिरून भाजी, चीज किंवा मांस भरून खातात. नातवाच्या दृष्टीने तो एक नवा पदार्थ. आजींची नजर आधी तव्याकडे जाईल, मग विस्तवाकडे, मग भाजणारीच्या हाताकडे. भाषा येत नसतानाही त्या काही विचारतील आणि त्यांना उत्तरही मिळेल. हा प्रसंग ‘आम्ही तेथील भाकर चाखली’ या वाक्यात मावत नाही.

६.७ स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य

१. प्लिनीच्या पत्रांतील सुट्टी आणि कुळे यांचा संबंध स्पष्ट करा.

२. मेझाद्रिया आणि अर्धेली यांतील साम्यभेद सांगून, शेतघराच्या रचनेत ते कसे दिसतात ते लिहा.

३. आपल्या कुटुंबाने एकत्र केलेल्या कोणत्याही मुक्कामाचे, मग तो देवदर्शनाचा असो वा कृषी पर्यटन केंद्रातील, सुमारे ४०० शब्दांत वर्णन करा. ‘आम्ही’ हे सर्वनाम तीनपेक्षा अधिक वेळा वापरू नका. लिहिण्यापूर्वी त्या जागी स्वयंपाक, झाडलोट किंवा शेतकाम करणाऱ्या किमान एका व्यक्तीशी बोला. ती जमीन पूर्वी कोण कसत होते ते विचारा आणि मिळालेले उत्तर, ते अपुरे असले तरी, तसेच नोंदवा. हे लेखन संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवावे.