वस्तीत सर्वेक्षण येते तेव्हा

आपल्या शहरातल्या वस्त्यांत आरोग्याचे सर्वेक्षण करणारे येतात. उंची-वजन मोजतात, बोटातून रक्त घेतात, कागदावर सही किंवा अंगठा घेतात आणि जातात. त्यातून पुढे काय निघाले, हे वस्तीला बहुधा कळत नाही. संशोधन नकोच, असे आमचे म्हणणे नाही. संशोधनात वस्तीचा वाटा किती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे बाहेरून आले आणि 'सर्च' संस्था काढली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, असे लोक म्हणाले. म्हणून दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. देवीच्या नावाबद्दल आपले मत वेगळे असेल, पण दवाखाना कसा हवा हे तिथे लोकांना विचारले गेले होते.

याच जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास झाला. डॉक्टर बाहेरचे, पण घरोघर जाऊन बाळ तपासणाऱ्या बाया त्या त्या गावच्या. वजन घेणे, बाळ गार पडले का पाहणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे त्या शिकल्या. आधी दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. ती संख्या २५ च्या आसपास आली. शेजारच्या ज्या ४७ गावांत हे काम नव्हते, तिथे अशी घट दिसली नाही. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला आणि २०११ मध्ये सरकारने घरच्या घरी बाळाची तपासणी देशभर आशांकडे सोपवली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाचे वजन घेऊ द्या.

उलटे उदाहरण अमेरिकेतले. ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून विद्यापीठाला रक्त दिले. तेच रक्त पुढे मानसिक आजार आणि त्यांचे पूर्वज कुठून आले, अशा अभ्यासांसाठीही वापरले गेले. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त परत आले.

कालामांना बुद्धांनी सांगितले, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. सर्वेक्षणवाल्यांनाही तोच नियम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासाची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, आणि मध्येच नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. नाही म्हटले म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. रक्त कशासाठी, किती दिवस ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरणार का, हे विचारा. कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा; नैतिकता समितीचा संपर्क त्यावर असायला हवा. महिला मंडळाने आधीच अट घालावी, की निकाल लागला की एका रविवारी वंदनेनंतर विहारात येऊन तो मराठीत सांगायचा.