शोभिवंत माशांची पेटी : पहिल्या सहा आठवड्यांतील निगा

तालुक्याच्या बाजारातून हौसेने आणलेले रंगीत मासे आठ-दहा दिवसांत एकामागून एक मरतात, असा अनुभव पुष्कळ घरी येतो. मासे रोगट होते, दुकानदाराने फसविले, गावचे पाणी मानवले नाही, अशी निरनिराळी कारणे मग सांगितली जातात. रोगट मासे विकले जातात, हे खोटे नाही. परंतु नव्या पेटीतील मासा बहुधा स्वतःच्याच उत्सर्जनाच्या विषाने मरतो, आणि ते विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी अगदी नितळ असतानाही ते प्राणघातक असू शकते.

शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून देणे अवघड नाही. शेणखत कुजताना त्यातील नत्राचा प्रथम अमोनिया होतो. जमिनीतील जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात, आणि तेच नायट्रेट पीक घेते. पेटीतही हेच घडते. माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. जुन्या पेटीत वाळूवर, काचेवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजात या जीवाणूंचा थर वाढलेला असतो. नव्या पेटीत तो नसतो व तयार होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांस विषारी आहेत. नायट्रेट मात्र बरेच सौम्य आहे. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व त्याचा सामू सातापेक्षा अधिक असतो. अशा पाण्यात, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत, अमोनियाचा विषारीपणा वाढतो. म्हणून पहिली पेटी शक्यतो थंडीच्या आरंभी मांडावी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी राहते. आरंभी तीत तीन-चार गप्पी मासेच सोडावे. हिवताप प्रतिबंधाच्या कामामुळे हा मासा गावोगाव परिचयाचा आहे. तो काटक असून त्यास व मॉली जातीच्या माशास जड पाणी मानवते. सहा आठवडे सुरळीत गेल्यावर संख्या हळूहळू दहा-बारापर्यंत न्यावी. गोल्डफिश दिसण्यास सुंदर, पण फार घाण करणारा मासा आहे. एवढ्या पेटीत लहान आकाराचे दोन पुरेत, आणि तेही वाढल्यावर मोठ्या हौदात हलवावे लागतात. गोल काचेच्या भांड्यात त्यास ठेवणे हा निव्वळ छळ होय.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडरीचा क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो व उपयोगी जीवाणूंसही मारतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे. पहिल्या सहा आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी व पुढे आठवड्यातून एकदा पेटीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम काढून पेटी घासून लख्ख करणे ही फार प्रचलित चूक आहे. तीमुळे महिनाभराचे काम एका दिवसात वाया जाते. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीन वेळा पिळावा. तो मळकट दिसला तरी चालेल.

खाद्य दिवसातून दोनदा, मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच टाकावे. माशास भूक कळते पण आपले प्रमाण कळत नाही, असे लहान मुलांस वाटते व ती येता-जाता चिमूट टाकीत राहतात. यावर घरातील एकाच माणसाने लक्ष ठेवावे. एखादे दिवशी खाद्य चुकल्याने मासा मरत नाही.

वीज गेली की हवेचा पंप थांबतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागल्यास तांब्याने पेटीतले पाणी काढून फूटभर उंचीवरून पुनःपुन्हा ओतावे. वीज वारंवार जात असेल, तेथे मासे थोडेच ठेवणे हा खरा उपाय होय.

सायपरमेथ्रीनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशांस मारतात. फवारणी करून आलेल्या माणसाने हात पेटीत घालू नये आणि फवारणीची बादली तिच्या कामी वापरू नये.

नवे मासे पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवावे. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसल्यास लिटरमागे दोन ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्याच भांड्यात दहा दिवस उपचार करावा. गप्पी व मॉली यांस हे मीठ सोसते.

शोभिवंत मासे संवर्धनाच्या घरगुती घटकांस 2020 साली आरंभ झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्थान देण्यात आले. अशा घटकासाठी कर्ज काढू इच्छिणाऱ्या कुटुंबाने अगोदर एक पेटी सहा महिने सांभाळून पाहावी, असे ग्रामसेवकाने आवर्जून सुचवावे. पन्नास लिटरच्या पेटीत जे बिघडते तेच दहा हौदांत बिघडते, आणि तेव्हा नुकसान हौसेचे राहत नाही.

पेटीतून काढलेले पाणी परसातील वांगी-मिरचीस घालावे. त्यातील नायट्रेट रोपांच्या उपयोगी पडते. मीठ टाकलेले पाणी मात्र झाडांस देऊ नये. नकोसे झालेले मासे ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नयेत. पेट्यांतून सोडलेला सकर मासा आज देशातील अनेक जलाशयांत पसरला असून मच्छिमारांच्या जाळ्यांचे नुकसान करीत आहे. असे मासे दुकानदारास परत द्यावे किंवा दुसऱ्या पेटीवाल्याकडे पोहोचवावे.