डोळा रस्त्यावर, काटा कोपऱ्यात

ताशी 200 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 55.5 मीटर. हिशेब शाळेतलाच आहे, पण रेसिंग गेम खेळताना तो कोण करतं? आता त्यात एक छोटी भर घाला. समोरच्या वळणावरून नजर काढायची, खालच्या कोपऱ्यातल्या स्पीडोमीटरवर न्यायची, आकडा वाचायचा आणि परत रस्त्यावर यायचं, याला ढोबळमानाने अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी 28 मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीची दोन मैदानं लांबीला लांबी लावून ठेवली तर जवळजवळ तेवढं अंतर, आणि ते आपण न बघता कापलं!

रस्त्याच्या चित्रावर तरंगणारे हे आकडे, काटे, नकाशे यांना मिळून हेड-अप डिस्प्ले म्हणतात. खेळणारी मंडळी नुसतं 'हड' म्हणतात. ग्राफिक्स कार्डावरून आपल्या होस्टेलवर रात्र रात्र वाद होतात, पण हडवर कुणी वाद घातलेला ऐकिवात नाही. वास्तविक पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याची किंमत आपण मीटरमध्ये मोजत असतो. ती किंमत कशासाठी मोजायची आणि कशासाठी नाही, हे ठरवणं म्हणजेच हडचं डिझाईन.

नाव आलं ते लढाऊ विमानांवरून. वैमानिकाने मान खाली घालून डायल बघू नयेत म्हणून वेग, उंची वगैरे समोरच्या पारदर्शक काचेवर दाखवतात. आपल्या तेजस विमानाचा असा डिस्प्ले चंदीगडच्या सीएसआयओ या संस्थेने विकसित केला. तिथे लेन्स वापरून ती अक्षरं जणू अनंत अंतरावर आहेत अशी दाखवतात, म्हणजे डोळ्याला दूरचं-जवळचं असा फोकस बदलावा लागत नाही. मॉनिटरवर तो प्रश्न नाही, सगळं एकाच प्रतलात असतं. इथे अडचण कोनाची. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या, म्हणजे सुमारे 2 अंशांच्या भागातच आपल्याला बारीक अक्षर वाचता येतं. बाकी सगळं अंधुक. त्या अंधुक भागात हालचाल कळते, पण आकडा कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला डिझाईन वगैरे काही नव्हतं, होती ती हार्डवेअरची गरिबी. अटारीच्या 1976 च्या 'नाईट ड्रायव्हर'मध्ये रात्र दाखवली, कारण रस्ता काढण्याची मशीनची ताकदच नव्हती. दोन्ही बाजूंचे पांढरे खुंट तेवढे दिसत. आणि आपली गाडी? ती पडद्यावर बसवलेली प्लॅस्टिकची आकृती होती! 1982 साली नामकोचा 'पोल पोझिशन' आला. त्याने वेळ, गुण, लॅप, वेग हे सगळं वरच्या बाजूला आकाशात मांडलं. आकाशात काही घडत नाही, तेव्हा जागा मोकळीच होती. दुकानाची पाटी दाराच्या वर लावतात तसं.

मग सगळं कोपऱ्यात गेलं. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे कापल्या जायच्या, तेही प्रत्येक सेटमध्ये कमी-जास्त. त्यामुळे कडेपासून थोडं आत, पण रस्त्यापासून लांब अशी जागा रूढ झाली. 17 इंची सीआरटीसमोर 60 सेंटिमीटरवर बसलं तर नजरेच्या मध्यापासून कोपरा सुमारे 19 अंशांवर येतो. त्याच अंतरावरून 24 इंची रुंद मॉनिटरचा कोपरा 27 अंशांवर जातो. म्हणजे मॉनिटर मोठा घेतला आणि स्पीडोमीटर आणखी लांब गेला. पैसे खर्च करून रस्ता न बघण्याची सोय! काही गेममध्ये हड आत सरकवायची सेटिंग असते, ती फार थोडे उघडून बघतात.

आता काटा की आकडा? डिजिटल आकडा अचूक खरा, पण जोरात वेग घेताना त्याचा शेवटचा अंक इतका पळतो की तो वाचताच येत नाही. काट्याचं तसं नाही. तो किती झुकलाय आणि किती झपाट्याने झुकतोय हे अंधुक भागातूनही कळतं, नजर हलवायची गरज नाही. म्हणून टॅकोमीटर काट्याचा आणि वेग आकड्यात, अशी जोडी बऱ्याच गेममध्ये दिसते. 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड'च्या (2003) ड्रॅग रेसमध्ये तर मजाच आहे. तिथे स्टिअरिंग जवळपास काढून घेतलंय, नुसती लेन बदलायची. मोकळी झालेली नजर टॅकोमीटरला दिली: योग्य क्षणी गिअर टाका, नाहीतर इंजिन उडालंच म्हणून समजा. नजरेचं बजेट आधी मोकळं केलं आणि मग खर्च केलं. इतका सरळ हिशेब मी दुसऱ्या गेममध्ये क्वचितच पाहिला.

उलट उदाहरण 2008 च्या 'बर्नआउट पॅरडाइज'चं. गेम झकास, शंकाच नाही. पण शहर पूर्ण मोकळं, रेसला बॅरिकेड नाहीत. कुठे वळायचं ते पडद्याच्या वरच्या बाजूला रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकून सांगते, बाकी मदार कोपऱ्यातल्या नकाशावर. वाहतुकीतून सुसाट जाताना पाटी वाचायची, नकाशा बघायचा आणि समोरची बसही चुकवायची! बरेच जण वळण तरी चुकायचे किंवा भिंत तरी गाठायचे. गोल सर्किटवर नकाशा स्वस्त पडतो, कारण दुसऱ्या लॅपला तो पाठ झालेला असतो. अनोळखी शहरात तो भलताच महाग पडतो.

यावर 2010 च्या 'स्प्लिट/सेकंड'ने शोधलेला उपाय मला सगळ्यात धाडसी वाटतो. क्रमांक, लॅप आणि पॉवरची पट्टी त्यांनी गाडीच्या मागच्या बंपरखाली चिकटवली, नजर आधीच जिथे असते तिथे. आणि स्पीडोमीटर? चक्क नाहीच. वेग रस्त्यावरूनच कळतो ना, मग आकडा कशाला, असा तो बाणा. सिम्युलेशनवाल्यांना हे पटणार नाही आणि त्यांचंही बरोबर आहे. ब्रेकिंगचा अचूक बिंदू शोधायचा तर आकडा लागतोच.

दुसरी दिशा 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ची (2005). रस्त्यावरच बाणांची रेषा काढली. तुमचा वेग ठीक असेल तर हिरवी, जास्त असेल तर लाल. नजर हलायला नको, प्रश्नच मिटला! पण इथे खरी गोम आहे. शिकताना सतत उत्तर दाखवलं तर माणूस उत्तरावर विसंबतो आणि ते काढून घेतलं की गडबडतो, हे हालचालींच्या शिक्षणावरच्या संशोधनात 1984 पासून मांडलेलं आहे. रेषेवर चालवणारा खेळाडू रस्ता बघत नाही, रंग बघतो. शिवाय ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्याचं काय? पुढच्या भागांत फक्त ब्रेकिंगच्या जागी रेषा दाखवण्याचा पर्याय आला. तो मधला मार्ग मला जास्त पटतो.

आणि कान तर फुकटच पडलेले असतात. 2015 च्या 'डर्ट रॅली'त शेजारी बसलेला सहचालक पुढचं वळण ओरडून सांगतो: 1 म्हणजे खूप अरुंद, 6 म्हणजे जवळपास सरळ. नजरेचा एक अंशही खर्च नाही. इंजिनाचा आवाज हाही मीटरच समजा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात 3000 आरपीएमला सेकंदाला 100 स्फोट, 6000 ला 200. संगीतवाल्यांच्या भाषेत बरोबर एक सप्तक वर. गाणी लावून रेस खेळणारे हा मीटर स्वतःच बंद करतात.

आपल्यापैकी बरेच जण पुढे खऱ्या गाडीचे डॅशबोर्ड करणार आहेत, म्हणून आणखी एक आकडेमोड. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2013 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, गाडीतल्या उपकरणासाठी एका वेळी 2 सेकंदांपेक्षा जास्त नजर वळू नये असं म्हटलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 ने जाताना ते 2 सेकंद म्हणजे 55 मीटर. आता एसीचा पंखा कमी करायला टचस्क्रीनवर तीन मेनू उघडावे लागत असतील तर मोजा! युरो एनकॅपने 2026 च्या नियमावलीत इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी असण्यावर गुण ठेवले, ते उगाच नाही. गेममध्ये रीस्टार्ट असतो.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतंय त्यांनी स्वतः करून पाहावं. एकच गाडी, एकच ट्रॅक. मॉनिटरवर कागदाची पट्टी लावून आधी स्पीडोमीटर झाका, नंतर नकाशा, नंतर दोन्ही. प्रत्येक प्रकारात किमान दहा लॅप आणि क्रम प्रत्येक मित्रासाठी वेगळा, नाहीतर सरावाचा फायदा शेवटच्या प्रकाराला मिळेल. लॅपची वेळ आणि किती वेळा धडकलात, दोन्ही लिहा. वेळ सुधारली पण धडका वाढल्या, असंही होऊ शकतं. पट्टीला पेपर टेपच वापरा. साध्या टेपचा चिकटा स्क्रीनवरून निघता निघत नाही, आणि मॉनिटर बहुधा रूममेटचा असतो.