रॅगिंग आणि क्षमा


मुलाने कॉलेजात कुणाचे रॅगिंग केले की आपण म्हणतो, "पोरं आहेत, माफ करा." पण क्षमा करायची ती सोसणाऱ्याने. आपण परस्पर देणारे कोण?

मत्तयच्या १८व्या अध्यायात येशू आधी एकांतात, मग साक्षीदारांसमोर, शेवटी ख्रिस्तसभेपुढे चूक मांडायला सांगतो. दडपायला सांगत नाही.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात रॅगिंगला २ वर्षांपर्यंत कैद आहे. दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि ५ वर्षे दुसरीकडेही प्रवेश नाही. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारे प्राचार्यही सुटत नाहीत. ५ वर्षे फार, असे आम्हालाही वाटते. पण सीनियरांच्या धाकाने वसतिगृह सोडून घरी बसलेला मुलगाही आपल्याच धर्मग्रामातला असतो. त्याच्या घरी आपण अजून गेलेलो नाही.