जो मारेल तो आणेल

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. तळमजल्यावरच्या आजोबांची अनंताची कुंडी आडवी झालेली, एका बाजूची खापरी निघालेली आणि सांडलेल्या मातीत लाल प्लास्टिकचा चेंडू. खाली एकच ओळ होती : कोणाचा मुलगा आहे?

मी पोळ्या लाटत होते. अर्ध्या तासात ग्रुपवर पन्नासेक मेसेज येऊन गेले. एकांना खालचं क्रिकेट कायमचं बंद करून हवं होतं. दुसऱ्यांनी विचारलं, मग मुलांनी जायचं कुठे? तिसऱ्यांनी थकलेल्या मेंटेनन्सचा विषय काढला, तिथून गाडी पाण्याच्या टाकीवर गेली. साडेसहाला कळलं की फटका माझ्याच मुलाचा होता. मी लगेच ग्रुपवर माफी मागितली, आजोबांच्या सूनबाईंना कुंडीचे दोनशे रुपये पाठवले आणि विषय संपला असं समजून तवा पुन्हा गॅसवर ठेवला. मुलगा वर आला तेव्हा त्याला चार शब्द सुनावले, दूध दिलं, गृहपाठाला बसवलं.

चार दिवसांनी लक्षात आलं की हा आता आजोबांच्या दारावरून जातच नाही. जिन्याच्या तोंडाशीच त्यांचं दार आहे. ते चुकवायला तो पार्किंगला वळसा घालून मागच्या जिन्याने येत होता. विचारलं तर म्हणाला, “आजोबा आता माझ्याशी बोलणार नाहीत.”

माझ्या लेखी संपलेला विषय त्याच्या लेखी सुरूही झाला नव्हता. माफी मी मागितली, पैसे मी दिले. त्याला काही करायला मी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

आपण सगळेच लहानपणी खेळलोय, म्हणून विचारते. चेंडू कुणाच्या गॅलरीत गेला की काय नियम असायचा? जो मारेल तो आणेल. हा नियम कुठल्या मोठ्या माणसाने शिकवला नव्हता. आजही आमच्या खालची मुलं तोच पाळतात. बाकी सगळे गाड्यांच्या आड उभे राहतात आणि मारणारा एकटा बेल वाजवायला जातो. त्याला पोटात गोळा येतो, तो मनात वाक्य जुळवतो, दार उघडेपर्यंत तीनदा बदलतो. त्या दोन मिनिटांत तो जे शिकतो, ते शिकवणारा क्लास माझ्या पाहण्यात नाही. आणि नेमकी तीच दोन मिनिटं आपण फोन उचलून त्याच्याकडून काढून घेतो.

मुलांचे नियम नीट ऐकले की त्यांच्या न्यायबुद्धीचं कौतुक वाटतं. लपंडावात राज्य कुणावर हे ठरवायला ते चकतात, म्हणजे तक्रारीला जागा नाही. बुटाची नाडी सुटली तर ‘टाइम प्लीज’ म्हटलं की सगळा खेळ थांबतो. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे कच्चा लिंबू. धाकटं भावंड मागे लागलं, त्याला अजून धावता येत नाही, तर त्याला खेळात घ्यायचं पण आउट धरायचं नाही. दुबळ्याला बाहेर न काढता सामावून कसं घ्यायचं, याचं उत्तर सात-आठ वर्षांच्या पोरांनी शोधून ठेवलंय. भांडण झालं तरी डाव मोडायला नको म्हणून ती पाच मिनिटांत मिटवतात. आपण मधे पडलो की तेच भांडण दोन घरांचं होतं आणि गणपतीच्या वर्गणीपर्यंत पुरतं.

हे लक्षात आल्यावर मुलाला म्हटलं, आजोबांकडे जाऊन ये. तो म्हणाला, तू चल. मी म्हटलं, मी जिन्यात उभी राहते, बेल तू वाजव. त्याने बेलवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. दार आजोबांनीच उघडलं. हा खाली बघून भरभर म्हणाला, “कुंडी माझ्याकडून फुटली. मी आधी यायला पाहिजे होतं.” आजोबा काही न बोलता आत वळले. मला वाटलं, आता दार लागणार. ते परत आले ते चेंडू घेऊन. धुऊन, पुसून चपलांच्या रॅकवर ठेवला होता त्यांनी तो, चार दिवस. मग म्हणाले, “आलाच आहेस तर रोप धर जरा. मला एकट्याला जमत नाही.” अनंत तोपर्यंत एका जुन्या बादलीत होता. मुलाने खोड सरळ धरलं, आजोबांनी नव्या कुंडीत माती भरली आणि मुळं झाकली का ते त्यालाच बघायला सांगितलं. वर आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत माती होती. त्या दिवसापासून तो पुढच्याच जिन्याने येतो.

प्रत्येक दारामागे असे आजोबा नसतात, हे मला ठाऊक आहे. कधी दार उघडणारं माणूस खेकसतं, चेंडू ठेवून घेतं, कापूनही टाकतं. मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आपलं रक्त उसळतं. तरी धावून जाऊ नका. आधी त्याच्याशी बोला. त्या घरात कुणी आजारी आहे का, तान्हं बाळ आहे का, काका रात्रपाळी करून दुपारी झोपतात का, हे त्याला माहीत आहे का ते विचारा. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुपारी चेंडूच्या आवाजाला वैतागायच्या. मुलांना त्या ‘खडूस’ वाटत. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत आणि दुपारची दोन तासांची झोप हीच काकूंची विश्रांती, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर मुलांनी आपण होऊन ठरवलं, दोन ते चार चेंडू नाही, पत्ते किंवा कॅरम. कागदावर लिहून, सगळ्यांनी सह्या करून तो लिफ्टशेजारी चिकटवला. तो नियम अजून टिकून आहे. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा कमिटीचा पत्रा मात्र कुणीच मनावर घेतला नव्हता.

तक्रार करणारा प्रत्येक माणूस मुलांचा वैरी नसतो. गाडीची काच फुटली की हजारांत खर्च येतो. डोक्यावर सतत चेंडूचा टप्पा ऐकणं खरंच त्रासाचं असतं. ते मुलांना कळायला हवं. पण मोठ्यांनीही आपल्याकडे बघावं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र धरली जाते ती दहा ते सहा. मुलं आठला वर जातात. रात्री अकराला खाली उभं राहून हॉर्न वाजवणारा मोठाच असतो. संध्याकाळच्या दोन तासांच्या कलकलाटासाठी ग्रुपवर पन्नास मेसेज आणि त्या हॉर्नसाठी एकही नाही, हे मला पटत नाही.

आणि जागा? आम्ही राहायला आलो तेव्हा निम्मं पार्किंग रिकामं असायचं, तेच मैदान होतं. आता गाडीला गाडी लागून उभी असते. दोन ओळींमधल्या पट्टीत क्रिकेट चालतं, त्यामुळे फटका सरळच मारावा लागतो. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर लागू असलेल्या 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. तुमची सोसायटी तेवढी मोठी असेल तर मंजूर नकाशा काढून बघा. ती जागा कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय आहे? पुष्कळ ठिकाणी तिथे साखळी लावलेली हिरवळ सापडेल, ‘गवतावर चालू नये’ या पाटीसकट. मुलांना गवतापेक्षा ती जागा जास्त गरजेची आहे, हे सर्वसाधारण सभेत उभं राहून आपणच सांगायचं. हे काम मुलांवर टाकता येत नाही.

खाली खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच उदाहरण देते. चीनमधल्या ग्वांग्झू शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी पाहिलं तर लांबचं न दिसण्याचा दोष नव्याने जडलेली मुलं या शाळांत 30.4 टक्के होती आणि जिथे असं काही केलं नव्हतं तिथे 39.5 टक्के. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीची हालचाल हवी म्हणते. संध्याकाळी सलग दोन क्लास असलेल्या मुलाने ती कधी करायची?

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. पाचवी-सहावीपर्यंत त्या मुलांच्या बरोबरीने लगोरी फोडत असतात आणि मग एका उन्हाळ्यात दिसेनाशा होतात. कुणी तरी म्हटलेलं असतं, आता काय खाली उंडारायचं? ते कुणी तरी बहुतेक वेळा घरातलंच असतं. मग तीच मुलगी कॉलेजला गेल्यावर आपण म्हणतो, हिला एकटीने कुणाशी बोलायची सवय नाही. सवय कुठे लागणार होती?

मोठ्यांनी मधे पडायचंच नाही का? पडायचं, पण कुठे ते ओळखून. कुणाला खरंच लागलं, कुणी अंगाला नको तसा हात लावला, एकाच मुलाला सगळे मिळून छळत असतील, तर एक क्षणही थांबू नका. आमच्या गेटशी इस्त्रीचा ठेला आहे. तिथल्या दादांचा मुलगा आमच्याच मुलांच्या वयाचा. तो खेळायला यायचा, पण महिनाभर पाहिलं तर दर वेळी राज्य त्याच्यावर आणि गेटबाहेर गेलेला चेंडू आणायलाही तोच, मग मारलेला कुणी का असेना. बॅट त्याच्या हातात आलीच नव्हती. हे मात्र मुलांवर सोडायचं नव्हतं. मी खाली जाऊन सगळ्यांना विचारलं, “तुमचा तो नियम काय आहे? जो मारेल तो…?” सगळे गप्प झाले. मग एकाने बॅट त्याच्याकडे दिली. त्या पोरांना तो अन्याय कळत नव्हता असं नाही. गेटवरच्या वॉचमन काकांशी, ठेल्यावरच्या दादांशी आपण कशा स्वरात बोलतो ते त्यांनी रोज ऐकलं होतं.

मोठ्यांनी मधे पडायची दुसरी जागा वाहनांची. रिव्हर्स घेताना गाडीमागे ओणवं बसलेलं लहान मूल आरशात दिसत नाही, म्हणून संध्याकाळी उतरून एकदा मागे बघायचं. आणि नववी-दहावीतल्या मुलाला ‘फक्त कंपाउंडमध्ये’ म्हणून दिलेली स्कूटर महिन्याभरात कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाते. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 199-अ वाचा. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. कुंडी फुटली तर बेल मुलाने वाजवायची. स्कूटरची किल्ली दिली तर त्याचा जाब आपण द्यायचा.

आमच्या घरात आता एक बदल केलाय. ग्रुपवर मुलांचा कसलाही फोटो आला की मी उत्तर देत नाही. फोन मुलाच्या हातात देते आणि विचारते, हे काय आहे? कधी तो म्हणतो, मी नव्हतो. कधी काही न बोलता चपला घालतो. मागच्या आठवड्यात त्याच्यामुळे एका काकांच्या स्कूटरचा आरसा वाकडा झाला. त्याने जाऊन सांगितलं, बोलणी खाल्ली आणि वर येऊन मला म्हणाला, “ते जाम ओरडले. पण आरसा त्यांनी माझ्यासमोरच सरळ केला, तुटला नव्हता.” चेहरा उतरलेला होता, पण दहा मिनिटांत तो पुन्हा खाली पळाला.

आज-उद्या तुमच्याही मुलाचा चेंडू कुणाच्या तरी गॅलरीत जाईल. लगेच टाइप करायला घेऊ नका. त्याच्यासोबत हवं तर जिन्यापर्यंत जा, तिथे उभे राहा आणि बेल त्यालाच वाजवू द्या.